लेनिन, रोल्स रॉईस आणि गोर्कीचा बर्फ

मॉस्कोच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर गोर्की नावाचे गाव आहे. तेथील संग्रहालयात एक जुनी मोटार जपून ठेवलेली आहे. समोरून पाहिले तर ती रोल्स रॉईस आहे हे तिच्या देवळीसारख्या रेडिएटरवरून कोणीही ओळखेल. पण नजर मागे गेली की पाहणारा थबकतो. मागच्या चाकांच्या जागी रणगाड्याला असतात तसे रुंद पट्टे आहेत आणि पुढच्या चाकांना बर्फावरून घसरत जाणाऱ्या स्कीज जोडलेल्या आहेत. ब्रिटिश उमरावांच्या आणि हिंदुस्थानी संस्थानिकांच्या दिमतीला असणारी ही गाडी ज्याच्यासाठी बर्फात उतरवली गेली, तो राजा नव्हता. जगातील पहिल्या कामगार राज्याचा तो प्रमुख होता. त्याचे नाव व्लादिमिर इलिच उल्यानोव्ह, म्हणजेच लेनिन.

२०२४च्या जानेवारीत लेनिनच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. या शंभर वर्षांत त्याच्या विरोधकांनी या मोटारीकडे बोट दाखवून त्याची टर उडवली आणि अनुयायांनी तिच्याकडे काणाडोळा केला. दोन्ही गोष्टी सोप्या होत्या. तथापि लेनिनचे आयुष्य रस्ते, वाहने आणि हिवाळा यांच्या अंगाने पाहिले, तर या गाडीचा प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही.

लेनिनचा जन्म २२ एप्रिल १८७० रोजी व्होल्गा नदीकाठच्या सिंबिर्स्क या शहरात झाला. वडील इल्या निकोलायेविच हे सरकारी शाळांचे निरीक्षक होते. प्रांतातील खेडोपाडी शाळा पाहण्यासाठी त्यांना सतत फिरावे लागे आणि रशियात हिवाळ्यातील फिरती म्हणजे घोड्यांच्या स्लेजमधील प्रवास. सिंबिर्स्कला तेव्हा रेल्वे नव्हती. या साध्या भौगोलिक वस्तुस्थितीने उल्यानोव्ह कुटुंबाला एक कडू धडा दिला. १८८७च्या मार्चमध्ये थोरला मुलगा अलेक्झांडर याला झार तिसरा अलेक्झांडर याच्या हत्येच्या कटाबद्दल पीटर्सबर्गमध्ये अटक झाली. वडील वर्षभरापूर्वीच वारले होते. आईला राजधानीकडे निघायचे तर आधी सिझरान या रेल्वेस्थानकापर्यंत घोडागाडीने जाणे भाग होते. तिला सोबत मिळावी म्हणून सोळा वर्षांचा व्लादिमिर ओळखीच्या घरांतून फिरला. कालपर्यंत घरी येणाजाणाऱ्या सुशिक्षित, उदारमतवादी मंडळींपैकी एकही जण तिच्या शेजारी गाडीत बसायला तयार झाला नाही. मे महिन्यात अलेक्झांडरला फाशी झाली. उदारमतवाद्यांविषयी लेनिनच्या मनात पुढे आयुष्यभर जी अढी राहिली, तिची सुरुवात या रिकाम्या जागेपासून झाली, असे त्याच्या पत्नीने, नादेझ्दा क्रुप्स्काया हिने, आठवणींत सुचवले आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांच्या निदर्शनात भाग घेतल्याबद्दल लेनिनला कझान विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. वर्गात न बसता त्याने कायद्याचा अभ्यास पूर्ण केला आणि १८९१मध्ये पीटर्सबर्ग विद्यापीठाची परीक्षा दिली. पण वकिलीत त्याचे मन रमले नाही. १८९५च्या डिसेंबरमध्ये अटक, मग तुरुंग आणि १८९७पासून सैबेरियातील शुशेन्स्कोये या खेड्यात हद्दपारी, असा तो क्रम आहे. क्रुप्स्काया तेथेच येऊन दाखल झाली आणि १८९८मध्ये त्यांचा विवाह झाला. हद्दपारीच्या त्या तीन वर्षांत त्याने ग्रंथ लिहिला, शिकार केली आणि गोठलेल्या नदीवर तो मनसोक्त स्केटिंग करत असे. १९००च्या आरंभी मुदत संपताच हे कुटुंब येनिसेई नदीच्या काठाकाठाने सुमारे ३२० किलोमीटर अंतर घोड्यांच्या स्लेजमधून, रात्रंदिवस प्रवास करत, कापून रेल्वेला येऊन मिळाले. बर्फ हा रशियात नेहमीच अडथळा नसतो. चिखलाचा रस्ता गोठून कडक झाला की तोच खेड्यांचा हमरस्ता होतो. मात्र तो घोड्यांचा आणि स्लेजचा रस्ता असतो, चाकांचा नव्हे.

पुढची सतरा वर्षे, १९०५च्या क्रांतीनंतरचा रशियातील अल्पकाळ सोडला, तर लेनिन परदेशातच होता. म्युनिक, लंडन, जिनिव्हा, पॅरिस, क्राकोव्ह, बर्न, झुरिक ही त्याच्या बिऱ्हाडांची गावे. १९०५ची क्रांती फसल्यावर पोलीस मागावर असताना १९०७च्या डिसेंबरमध्ये तो फिनलंडमधून स्वीडनला निसटला. बंदरात आगबोटीवर चढणे धोक्याचे होते. म्हणून दोन स्थानिक शेतकऱ्यांच्या सोबतीने गोठलेल्या समुद्रावरून चालत जाऊन एका बेटावर बोट गाठायची असे ठरले. बर्फ अजून पुरता जमला नव्हता. एके ठिकाणी तो पायाखाली हलू लागला आणि लेनिन बुडता बुडता वाचला. वाहनाशिवाय, केवळ पायांच्या भरवशावर केलेला हा प्रवास फसला असता, तर विसाव्या शतकाचा इतिहास काही वेगळाच झाला असता.

या परदेशवासात लेनिनचे स्वतःचे वाहन एकच होते, ते म्हणजे सायकल. तिची तो स्वतः निगुतीने देखभाल करी. १९१०च्या आरंभी पॅरिसजवळच्या ज्युव्हिसी येथून विमानांची उड्डाणे पाहून परतत असताना एका मोटारीने त्याच्या सायकलीला धडक दिली. त्याने वेळीच उडी मारल्यामुळे तो बचावला, सायकलीचा मात्र चक्काचूर झाला. मोटारीचा मालक एक व्हायकाउंट, म्हणजे उमराव निघाला. शिकलेली वकिली या वेळी कामी आली. लेनिनने त्याच्यावर दावा लावला आणि तो जिंकलाही. मोटारीशी त्याची ही पहिली ठळक गाठ आणि ती अशी, चाकाखाली येता येता पडलेली!

याच काळातील एक गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. १९०८च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि तिच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. परदेशात बसलेल्या लेनिनने त्या संपाची तातडीने दखल घेऊन लेख लिहिला आणि हिंदुस्थानातील कामगार राजकीय लढ्यासाठी जागा झाल्याचे त्यात नोंदवले. योगायोग असा की त्याच १९०८ साली रोल्स रॉईसची ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीची एक गाडी मुंबई-कोल्हापूर मार्गावरील चाचणीत सह्याद्रीचे घाट चढून गेली होती आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. संपकरी गिरणी कामगार आणि घाट चढणारी ही राजेशाही मोटार यांचा अर्थातच एकमेकांशी काही संबंध नव्हता. गोर्कीच्या बर्फात मात्र तो जुळायचा होता.

१९१७च्या मार्चमध्ये झारशाही कोसळली. जर्मनीतून त्या प्रसिद्ध मोहोरबंद रेल्वेने प्रवास करून १६ एप्रिल रोजी लेनिन पेट्रोग्राडच्या फिनलंड स्थानकावर उतरला आणि एका चिलखती मोटारीवर उभा राहून त्याने स्वागताला आलेल्या जमावापुढे भाषण केले. नोव्हेंबरमध्ये सत्ता हाती आली. त्याबरोबर सरकारी खजिना आला, तसा झारचा मोटारखानाही आला.

हा मोटारखाना साधासुधा नव्हता. झार दुसरा निकोलस याला आरंभी मोटारींचे कौतुक नव्हते, पण गोडी लागल्यावर त्याने युरोपातील उत्तमोत्तम गाड्या जमवल्या. देलोने-बेलव्हिल या फ्रेंच कंपनीने तर एका मॉडेलच्या नावातच झारच्या पदवीची आद्याक्षरे गुंफली होती. या साऱ्या वैभवाला एकच शत्रू होता, हिवाळा. वर्षातले चार-पाच महिने गाड्या जवळजवळ निकामी होत. कारण उघड आहे. मोटारीचे सारे वजन चार अरुंद चाकांच्या तळव्यांवर पडते. कडक रस्त्यावर ते चालते, पण भुसभुशीत बर्फात चाक खाली खाली रुतत जाते आणि इंजिन कितीही ताकदवान असले तरी ते जागच्या जागी फिरू लागते. उलट ताकद जितकी जास्त, तितका खड्डा खोल.

या अडचणीवर तोड काढली ती आदोल्फ केग्रेस या फ्रेंच तंत्रज्ञाने. तो झारच्या मोटारखान्यात नोकरीस होता. त्याने मागची चाके काढून त्या जागी लहान रुळांवरून फिरणारा रुंद, लवचिक पट्टा बसवला. त्यामुळे वजन विस्तीर्ण जागेवर पसरले आणि गाडी बर्फात न रुतता त्यावरून चालू लागली. पुढे स्कीज बसवल्या की दिशा देण्याचीही सोय झाली. पॅकार्डसारख्या महागड्या अमेरिकन गाडीवरही हे पट्टे चढले. क्रांती होताच केग्रेसने रशिया सोडला आणि फिनलंडमार्गे तो मायदेशी पोहोचला. तेथे आंद्रे सिट्रोएनने त्याची कल्पना उचलली. पुढे १९३१मध्ये याच पट्ट्यांच्या दोन सिट्रोएन गाड्या श्रीनगरहून हिमालयातील घाटवाटांनी, प्रसंगी सुटे भाग करून माणसांच्या पाठीवरून, गिलगिटला नेण्यात आल्या. शोधक गेला, तरी त्याची कल्पना मात्र रशियात राहिली होती. पेट्रोग्राडच्या पुतिलोव्ह कारखान्यात यादवी युद्धाच्या काळात चिलखती गाड्यांना असेच पट्टे बसवले गेले.

लेनिनला आपल्या हिवाळी प्रवासाचा प्रश्न इतक्या लवकर भेडसावेल असे कोणाला वाटले नसावे. सत्ता आली तेव्हा त्याच्या दिमतीला राजघराण्याच्या मोटारखान्यातील एक फ्रेंच टर्का-मेरी गाडी देण्यात आली. स्तेपान गिल हा तिचा चालक. ती गाडी स्मोल्नीच्या, म्हणजे सरकारच्या मुख्यालयाच्या आवारातूनच चोरीला गेली आणि मग शोधाशोध करून परत मिळवण्यात आली. सरकार किती ठिसूळ पायावर उभे होते, हे यावरून ध्यानात यावे. १४ जानेवारी १९१८ रोजी पेट्रोग्राडमध्ये एका सभेहून परतणाऱ्या लेनिनच्या मोटारीवर गोळीबार झाला. शेजारी बसलेल्या फ्रिट्झ प्लॅटन या स्विस सहकाऱ्याने त्याचे डोके खाली दाबले आणि त्यात प्लॅटनच्या हाताला जखम झाली. मार्चमध्ये राजधानी मॉस्कोला हलली. ३० ऑगस्ट १९१८ रोजी मिखेल्सन कारखान्याच्या दारात लेनिनवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या, त्या वेळी दोन गोळ्या शरीरात घुसल्या. या हल्ल्यासाठी फॅनी काप्लान हिला गोळी घालण्यात आली. गिलने त्याला मोटारीत घालून थेट क्रेमलिन गाठले. जिना चढताना लेनिनने कोणाला उचलू दिले नाही. मोटार ही आता त्याच्यासाठी सोय राहिली नव्हती. ती त्याच्या जीविताशी बांधली गेली होती.

सर्वांत विलक्षण प्रसंग त्यानंतरच्या हिवाळ्यातला आहे. ६ जानेवारी १९१९च्या संध्याकाळी लेनिन सोकोल्निकी येथील वनशाळेकडे निघाला होता. आजारी क्रुप्स्काया तेथे विश्रांतीसाठी राहिली होती आणि शाळेतील मुलांचा नाताळवृक्षाचा सोहळा होता. बरोबर बहीण मारिया, गिल आणि एक अंगरक्षक होता. अंगरक्षकाच्या हातात पिस्तुलाऐवजी दुधाचा डबा होता. रस्त्यांवर बर्फाचे ढीग साचले होते, गाडी बेताच्या वेगाने चालली होती. वाटेत काही माणसांनी गाडी थांबवली. सरकारी पहारा असावा अशा समजुतीने लेनिनने ओळखपत्र काढले. ते पहारेकरी नव्हते, याकोव्ह कोशेल्कोव्ह या कुख्यात गुंडाची टोळी होती. पिस्तूल, कागदपत्रे आणि मोटार घेऊन ते पसार झाले. देशाचा सर्वेसर्वा बर्फात पायउतार झाला, दुधाचा डबा तेवढा शाबूत राहिला! जवळच्या सोव्हिएत कचेरीत गेले, तर दारावरच्या पहारेकऱ्याने परवाना मागितला, असे गिलने लिहून ठेवले आहे. परवाना चोरांनी नेला होता. मोटार त्याच रात्री क्रिमियन पुलाजवळ सापडली.

लेनिनने हा प्रसंग वाया जाऊ दिला नाही. १९२०मध्ये डाव्या अतिरेकावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने नेमके हेच उदाहरण घेतले. दरोडेखोरांच्या हाती मोटार आणि पैसे देऊन जीव वाचवणे आणि दरोडेखोरांशी भागीदारी करणे या दोन वेगळ्या तडजोडी आहेत, असा त्याचा मुद्दा होता. जर्मनीशी केलेल्या मानहानिकारक ब्रेस्ट-लितोव्हस्क तहाचे समर्थन त्याने असे आपल्या लुटलेल्या मोटारीच्या आधाराने केले. स्वतःच्या फजितीतून राजकीय सिद्धांत काढणारे नेते थोडेच असतात.

आता त्या रोल्स रॉईसकडे वळू. गोळीबारातून सावरण्यासाठी लेनिनला १९१८च्या सप्टेंबरमध्ये प्रथम गोर्कीला नेण्यात आले. तेथील बंगला पूर्वी उद्योगपती साव्वा मोरोझोव्हच्या विधवेचा, झिनाइदा हिचा होता. त्यात वीज, टेलिफोन आणि वाफेने घर उबदार ठेवण्याची सोय होती, म्हणून तो निवडला गेला. पुढे तो लेनिनचे दुसरे घरच झाला. क्रेमलिन ते गोर्की हे अंतर उन्हाळ्यात किरकोळ. जानेवारीत मात्र शहर संपले की रस्ता आणि शेत यांतला फरक पुसला जाई. बर्फ हटवणारी यंत्रणा नव्हती. बाकूचे तेल एप्रिल १९२०पर्यंत हाताबाहेर होते, त्यामुळे चांगल्या पेट्रोलची वानवा होती. रात्री रेडिएटरमधील पाणी काढून ठेवायचे आणि सकाळी गरम पाणी ओतून इंजिन जागे करायचे, हा चालकांचा नित्यक्रम. अशा परिस्थितीत गाडी निवडायची तर तीत शोभेपेक्षा वेगळे काही हवे होते.

सिल्व्हर घोस्टची निवड या कसोटीवर पाहिली पाहिजे. सहा सिलिंडरचे, सात लिटरहून मोठे असे तिचे इंजिन होते. ते कमी वेगातही जोर टाकत नसे आणि बर्फात नेमका हाच गुण लागतो, कारण झटका बसला की पकड सुटते. सांगाडा इतका भक्कम की पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी याच गाडीवर चिलखत चढवून ती अरबस्तानच्या वाळवंटात फिरवली. वाळू आणि भुसभुशीत बर्फ यांचा स्वभाव बराचसा सारखा. केग्रेसचे पट्टे फिरवायला साध्या गाडीचे इंजिन अपुरे पडले असते. १९२२च्या सुमारास पुतिलोव्ह कारखान्यात हे पट्टे आणि स्कीज बसवून गोर्कीची गाडी सिद्ध झाली. ब्रिटनची मोटार, फ्रेंच माणसाची युक्ती, झारच्या मोटारखान्याचा अनुभव आणि पेट्रोग्राडच्या कामगारांचे हात अशी ती घडण होती.

एवढ्याने प्रश्न मिटत नाही, हेही खरे. लंडनमधील सोव्हिएत व्यापारी शिष्टमंडळ रोल्स रॉईस गाड्या खरेदी करत होते, त्याच सुमारास १९२१-२२च्या दुष्काळात व्होल्गाकाठी सुमारे ५० लाख माणसे मेली. त्यात लेनिनच्या जन्मप्रांताचाही समावेश होता. लेनिन व्यक्तिशः चैनी नव्हता. मे १९१८मध्ये कचेरीने परस्पर त्याचा पगार ५००वरून ८०० रूबल केला, तेव्हा त्याने संबंधित अधिकाऱ्याला लेखी ताशेरा दिला होता. १४ नोव्हेंबर १९२० रोजी काशिनो नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी उभारलेल्या वीजघराच्या उद्घाटनाला तो क्रुप्स्कायासह मुद्दाम मोटारीने गेला आणि त्यांच्या घरात बसून गप्पा मारून आला. असे असूनही प्रमुखासाठी उत्तमात उत्तम गाडी, मागेल तेव्हा आणि मागेल तशी, हा पायंडा त्याच्याच काळात पडला. आजारी, जखमी माणसाची निकड म्हणून जे सुरू झाले, ते पुढे पदाचा हक्क झाले. ब्रेझनेव्हच्या परदेशी गाड्यांच्या ताफ्याला बर्फाची सबबही लागली नाही. लेनिनला गाडीची गरज होती असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. पण ती गरज ठरवणारे आणि भागवणारे सारे त्याच्याच हाताखालचे होते, ही खरी मेख आहे.

इकडे मुंबईत १९२१मध्ये तरुण श्रीपाद अमृत डांगे यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. गिरणगावात लेनिनचे नाव पोहोचू लागले होते. त्या नावाचा धनी मात्र झपाट्याने खचत होता. एप्रिल १९२२मध्ये शस्त्रक्रिया करून एक गोळी काढण्यात आली. मे महिन्यात पक्षाघाताचा पहिला झटका आला, डिसेंबरमध्ये पुन्हा आला आणि मार्च १९२३मधील झटक्याने वाचा गेली. मे महिन्यात त्याला कायमचे गोर्कीला हलवले. १८ ऑक्टोबर १९२३ रोजी त्याने हट्टाने मोटारीत बसून मॉस्को गाठले, क्रेमलिनमधील आपली खोली पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तो परतला. मॉस्कोचे ते त्याचे शेवटचे दर्शन.

मग बर्फ पडला. १९२४च्या जानेवारीत, मृत्यूच्या दोनच दिवस आधी, त्याला शिकार पाहण्यासाठी रानात नेण्यात आले ते घोड्यांच्या स्लेजमधून. २१ जानेवारीच्या संध्याकाळी सहा वाजून ५० मिनिटांनी त्याचे निधन झाले. वय अवघे ५३. २३ तारखेच्या सकाळी कडाक्याच्या थंडीत शवपेटी बंगल्यातून बाहेर आणली गेली. गेरासिमोवो स्थानक सुमारे चार किलोमीटरवर होते. सहकाऱ्यांनी आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांनी ती पेटी खांद्यावर घेतली आणि आळीपाळीने खांदा बदलत बर्फातून पायी स्थानकापर्यंत नेली. तेथून यू-१२७ क्रमांकाच्या वाफेच्या इंजिनाने ती मॉस्कोला आणली. ते इंजिन आज मॉस्कोत पावेलेत्स्की स्थानकाजवळच्या संग्रहालयात आहे आणि पट्ट्यांची रोल्स रॉईस गोर्कीत.